माळ कीं अरण्य?

दोन चांगल्या गोष्टींपैकीं एक निवडणें हें चांगली व वाईट ह्यांतून निवडण्यापेक्षां अधिक कठीण असतें. वाईटाचा त्याग करतांना मन आपणांस शाबासकी देतें. चांगल्याचा त्याग करतांना तें कुरकुरतें. दहावीनंतर शास्त्रशाखा घ्यावी कीं वाङ्मयशाखा, असा प्रश्न पुढें उभा राहिला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांस ह्या कुरकुरीचा अनुभव येतो. आमच्या कुटुंबास तो एका प्रवासाच्या निमित्तानें आला. त्या प्रवासाचें साद्यंत वर्णन करण्यापेक्षां, तो ठरवितांना आम्हां चौघांत जो वाद झाला त्याचीच हकीकत मुख्यतः येथें देण्याचा आमचा विचार आहे. कारण त्या वादांत आम्ही जें शिकलों, तें प्रवासांत शिकलेल्यापेक्षां कमी नव्हतें.

आमच्या पत्नीचे बंधु नैरोबी शहरीं हिशेबनिसाची नोकरी करितात. 'एकदां सर्वजण या,' असें त्यांचें निमंत्रण कित्येक वर्षें येत होतें. शिक्षकाचा पगार व विमानाचें भाडें ह्यांचें फारसें सख्य नाहीं हें पालकांस सांगावयास नकोच. तथापि दरमहा थोडें थोडें बाजूस ठेवून सात वर्षांत आम्हीं एवढी रक्कम जमविली, कीं मे महिन्याच्या सुटींत चौघांचें जाणेंयेणें व्हावें, आणि शिवाय एक, पण एकच, मोठी सहल पदरांत पडावी. कन्या तेव्हां सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा देऊन पुढील शिक्षणासाठीं दुसऱ्या शहरीं जाण्याच्या बेतांत. चिरंजीव बारा वर्षांचे. चौघांची अशी एकत्र सुटी पुन्हां केव्हां मिळेल ह्याचा भरंवसा नव्हता. म्हणून निवड नीट व्हावी असें सर्वांसच वाटत होतें.

मुलांच्या मामांनीं दोन सहलींचा तपशील लिहून पाठविला. पहिली केनियाच्या मसाई मारा ह्या गवताळ माळावरची. दुसरी शेजारच्या युगांडा देशांतील बविंडी नांवाच्या डोंगरी अरण्यांतली. पहिलींत सिंह, हत्ती, जिराफ, झेब्रे, चित्ते, दुसरींत गोरिला. पत्र वाचून होतांच घरांत दोन पक्ष पडले. माळाचा पक्ष चिरंजिवांनीं घेतला, अरण्याचा कन्येनें. मुलांची आई हिशेबाची वही घेऊन मध्यस्थ झाली. आणि अध्यक्षस्थान, त्यास अधिकार फारसा नसल्यामुळें, आमच्याकडे आलें.

चिरंजिवांचें म्हणणें असें, कीं आफ्रिका म्हणजे माळच. मसाई माराचें राखीव क्षेत्र सुमारें १,५०० चौरस किलोमीटर. त्यास लागूनच दक्षिणेस टांझानियाचें सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान आहे, तें जवळजवळ १४,७५० चौरस किलोमीटर. जनावरांस देशांची सीमा ठाऊक नाहीं. वाइल्डबीस्ट नांवाचे, दाढी व आयाळ असलेले करड्या रंगाचे प्राणी पावसामागून गवत शोधीत लक्षावधींच्या संख्येनें ह्या प्रदेशांत वर्षभर चक्राकार फिरत असतात. जानेवारी-फेब्रुवारींत दक्षिणेकडील आंखूड गवताच्या मैदानांत त्यांच्या माद्या वितात. पाऊस ओसरला कीं कळप उत्तरेची वाट धरितात. सामान्यतः जुलै ते ऑक्टोबर ह्या काळांत ते मारा नदी ओलांडून केनियांत असतात. आणि नदींतील मगरी त्यांची वाटच पाहत असतात. हें सर्व उघडत्या छताच्या गाडींतून, बसल्या जागीं दिसतें. 'बाबा, एका प्राण्यासाठीं एवढ्या दूर जावयाचें, कीं शंभर प्राण्यांसाठीं?' असा त्यांचा रोकडा सवाल होता.

कन्येनें त्यास उलट सवाल केला. 'जत्रेंत हजार माणसें पाहणें बरें, कीं एकाच्या घरीं जाऊन त्याच्यासमोर तासभर बसणें बरें?' तिनें आपल्या पक्षाची तयारी चांगली केली होती. डोंगरी गोरिला जगांत दोनच ठिकाणीं राहतो: रुआंडा, युगांडा व काँगो ह्या तीन देशांच्या सीमेवरील विरुंगा ज्वालामुखींच्या उतारांवर, आणि बविंडीच्या अरण्यांत. प्राणिसंग्रहालयांतून दिसतात ते गोरिला सखल प्रदेशांतले. युरोपांतील शास्त्रज्ञांस ह्या डोंगरी जातीची ओळख १९०२ सालीं झाली, आणि तीहि रॉबर्ट फॉन बेरिंगे नांवाच्या जर्मन अधिकाऱ्यानें दोन गोरिला बंदुकीनें मारल्यामुळें! पुढें शिकार, सांपळे व जंगलतोड ह्यांमुळें त्यांची अशी दशा झाली, कीं १९८१ सालच्या गणनेंत विरुंगाच्या डोंगरांत अवघे अडीचशेंच्या आसपास उरले. डायन फॉसी ह्या अमेरिकन विदुषीनें १९६७ सालीं रुआंडांत संशोधनाचें ठाणें उभारून त्यांच्या अभ्यासास आयुष्य वाहिलें, आणि १९८५ सालीं तेथेंच तिचा खून झाला. १९७९ सालापासून रुआंडांत पर्यटकांस शिस्तीनें गोरिला दाखविण्याचा उपक्रम सुरू झाला. पाहुण्यांच्या पैशांतून पहारेकऱ्यांचा खर्च भागूं लागला. पशुवैद्य रानांत जाऊन जखमी गोरिलांवर उपचार करूं लागले. १९९४ सालच्या भीषण हत्याकांडांतूनहि हे प्राणी तगले, आणि २०१९ सालीं दोन्ही ठिकाणची मिळून त्यांची संख्या १,०६३ असल्याचें जाहीर झालें. एका मोठ्या हायस्कुलाच्या पटावर असतात तेवढेच हे जीव. परंतु घटणारी संख्या वाढूं लागली, हेंच विशेष. 'आपला परवाना म्हणजे त्यांच्या पहाऱ्याचा पगार,' असें कन्येनें समारोप करतांना म्हटलें, आणि आमचें मत तिच्याकडे झुकूं लागलें.

परवान्याचे नियम मात्र वाचण्यासारखे होते. मनुष्यांस सरावलेल्या गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसांतून एकच तुकडी जाते व तींत आठांहून अधिक पाहुणे नसतात. कुटुंब सांपडेपर्यंत चिखलांतून, वेलींच्या जाळ्यांतून, अंगास लागतांच आग उठविणाऱ्या झुडपांतून चढत जावें लागतें. त्यास कधीं एक तास पुरतो, कधीं सारा दिवस लागतो. कुटुंब सांपडलें म्हणजे घड्याळ लावून एक तास मिळतो, अधिक नाहीं. पूर्वीं सात मीटरांचें अंतर राखावें लागे; २०२० च्या महासाथीनंतर तें दहा मीटर करण्यांत आलें आणि तोंडावर मुखपट्टी आली. ज्यास पडसें-खोकला असेल त्यास परत पाठवितात. ह्याचें कारण असें, कीं गोरिला आपला इतका जवळचा नातलग आहे, कीं आपलें पडसें त्यास लागतें. आणि आपणांस जें दोन दिवस शिंकावयास लावतें, तें त्याच्या जिवावर बेतूं शकतें.

ह्या नियमांच्या अखेरीस एक ओळ होती. पंधरा वर्षांखालील मुलांस प्रवेश नाहीं.

ती ओळ वाचतांच सभा स्तब्ध झाली. चिरंजीव वादांत आपण जिंकलों ह्या आनंदांत असतील अशी आमची अपेक्षा होती. परंतु त्यांचा चेहरा उतरला. आपला पक्ष जिंकणें निराळें व आपणांस दाराबाहेर ठेविलें जाणें निराळें. 'माझ्यामुळें गोरिला आजारी पडतील काय?' असें त्यांनीं विचारलें. लहान मुलांस सांथीचे आजार वारंवार होतात, आणि घाबरलेलें मूल रानांत ओरडलें किंवा पळालें तर धोका असतो, असें आम्हीं समजाविलें. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, 'मग तुम्ही तिघें जा. मी खालीं गांवांत मामांबरोबर थांबेन.' बारा वर्षांच्या मुलानें हें म्हणणें सोपें नव्हतें, आणि आम्हांस तें ऐकणेंहि सोपें गेलें नाहीं.

आतां हिशेबाची वही उघडली गेली. युगांडाचा परवाना २०२४ सालच्या जुलैपासून माणशीं ८०० डॉलर, म्हणजे सुमारें सत्तर हजार रुपये. तिघांचे दोन लक्षांहून अधिक. रुआंडांत तर २०१७ सालापासून तोच परवाना १,५०० डॉलरांचा आहे, म्हणजे तो प्रश्नच नव्हता. उलट मसाई मारांत परदेशी प्रौढ मनुष्यास दर दिवशीं वर्षाच्या पूर्वार्धांत १०० व उत्तरार्धांत २०० डॉलर द्यावे लागतात. आमची सुटी मे महिन्यांतली. त्या वेळीं लांबलेला पाऊस सरत आलेला असतो, पर्यटक थोडे असतात आणि मुक्कामाचे दरहि उतरलेले असतात. मात्र कळप तेव्हां दक्षिणेस सेरेंगेटींत असतात. नदी ओलांडण्याचा तो प्रसिद्ध देखावा मे महिन्यांत दिसत नाहीं. ही गोष्ट आईनें चिरंजिवांस आधींच स्पष्ट सांगितली. स्वस्तांत घेतलेल्या वस्तूंत काय उणें आहे हें घेण्यापूर्वीं जाणून घ्यावें, पुढें तक्रार करूं नये, हा तिचा बाजारांतला नियम येथेंहि लागू पडला.

तरी कन्येचा एक आक्षेप शिल्लक होता. तिचें म्हणणें, कीं अरण्यांतले गोरिला मनुष्याच्या प्रयत्नानें वांचले, म्हणून तेथें जाण्यांत कांहीं अर्थ आहे. माळावर जनावरें काय, आपोआपच आहेत! ह्या ठिकाणीं अध्यक्षांस बोलण्याची संधि मिळाली. १८९० च्या सुमारास गुरांचा एक भयंकर रोग पूर्व आफ्रिकेंत शिरला. त्यास आपल्या खेड्यांत बुळकांडी म्हणत. त्यानें मसाई लोकांचीं गुरें तर मेलींच, परंतु रानरेडे व वाइल्डबीस्ट ह्यांचाहि संहार झाला, आणि गुरांवर जगणाऱ्या त्या लोकांत मोठा दुष्काळ पडला. पुढें अर्धशतकाहून अधिक काळ रोग तेथें ठाण मांडून बसला. १९५० नंतर माळाच्या भोंवतालच्या गुरांस लस टोंचण्याचें काम नेटानें झालें, आणि आश्चर्य असें, कीं रानांतील जनावरांस लस न टोंचतां १९६३ पर्यंत रोग त्यांच्यांतून नाहींसा झाला. कारण तो गुरांकडूनच त्यांस लागत होता. १९६१ सालीं वाइल्डबीस्ट अडीच लक्षांच्या आसपास होते, ते १९७७ पर्यंत तेरा लक्षांच्या घरांत गेले. जो देखावा आज 'आफ्रिकेचें अनादि स्वरूप' म्हणून दाखविला जातो, तो असा टोंचणाऱ्याच्या सुईनें परत मिळविलेला आहे.

ह्या लढाईचा एक धागा आपल्या प्रांतांतूनहि जातो, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. गुरांच्या रोगांच्या संशोधनासाठीं सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८८९ सालीं प्रथम पुण्यास स्थापन झाली. ती १८९३ सालीं हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली, आणि तेथें जे. टी. एडवर्ड्स ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत शेळ्यांच्या द्वारें बुळकांडीचें विष सौम्य करून लस तयार केली. पुढें १९६० च्या सुमारास नैरोबीजवळच्या मुगुगा येथें वॉल्टर प्लॉराइट ह्यांनीं त्याहून निर्धोक लस सिद्ध केली. २०११ सालीं बुळकांडी पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें निर्मूल केलेला हा दुसराच रोग होय. कन्येनें हें सर्व ऐकून घेतलें व म्हटलें, 'म्हणजे दोन्हीकडे गोष्ट एकच. आपला रोग त्यांच्यापर्यंत पोंचूं द्यावयाचा नाहीं.' आम्हांस जें सांगावयास एवढा वेळ लागला, तें तिनें दोन वाक्यांत सांगितलें.

दोन्हीकडे आणखीहि एक गोष्ट सारखी आहे, आणि ती कमी गोड आहे. १९५९ सालीं सेरेंगेटीच्या सीमा नव्यानें आंखल्या गेल्या, तेव्हां मसाई लोकांस तेथील आपलीं कुरणें सोडावीं लागलीं. १९९१ सालीं बविंडीचें राष्ट्रीय उद्यान झालें, तेव्हां पिढ्यान् पिढ्या त्या अरण्यांत मध व शिकार ह्यांवर जगणाऱ्या बटवा लोकांस बाहेर काढण्यांत आलें, आणि त्यांपैकीं बहुतेक भूमिहीन झाले. आपण ज्यास निसर्गाचें निर्मनुष्य मंदिर समजतों, त्याच्या दारांत असे कोणी तरी उभे असतात. परवान्याच्या पैशांतील कांहीं वांटा आतां आसपासच्या गांवांस मिळतो ही चांगली गोष्ट आहे; परंतु गेलेलें घर त्यानें परत येत नाहीं. हें जाणून जावें, एवढें तरी पाहुण्याचें कर्तव्य आहे.

अखेर मत घेण्याची वेळ आली. मुलांच्या आईनें वही मिटली व म्हटलें, 'जी सहल घरांतल्या एकास दारापाशीं बसवून करावयाची, ती घराची सहल नव्हे.' चिरंजीव पुन्हां कांहीं बोलूं लागले, तों कन्येनें त्यांस थांबविलें. 'माळ चौघांचा आहे. अरण्य माझें, तें मी माझ्या कमाईनें पाहीन.' तिच्या बोलण्यांत रुसवा नव्हता. जी गोष्ट कोणी आपणांस दाखवावी अशी तिची इच्छा होती, ती आपण होऊन मिळवावयाची असें तिनें त्या क्षणीं ठरविलें, आणि बापाच्या डोळ्यांदेखत ती घरांतून थोडी पुढें गेली. माळाचा निकाल लागला. तथापि जिंकलें कोण, हें आम्हांस आजहि नीट सांगतां येणार नाहीं.

पिवळ्या तापाची लस टोंचून घेऊन आम्ही मे महिन्याच्या अखेरीस निघालों. केनिया-युगांडाहून परतणाऱ्या प्रवाशास आपल्या देशांत येतांना तिचा दाखला दाखवावा लागतो, व तो लस घेतल्यापासून दहा दिवसांनीं लागू होतो. म्हणून हें काम आयत्या वेळेवर टाकूं नये. मुंबईहून नैरोबी विमानानें सुमारें सहा तास. तें शहर ज्या रेल्वेमुळें १८९९ सालीं वसलें, ती बांधण्यास १८९६ पासून हिंदुस्थानांतून सुमारें बत्तीस हजार मजूर गेले होते, व त्यांपैकीं अडीच हजारांच्या आसपास तेथेंच मेले. मामांच्या घरीं दोन रात्री राहून तिसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही मारास निघालों.

तेथें गुडघाभर हिरवें गवत, चिखलाच्या वाटा, आणि इतकें मोठें आकाश, कीं त्याखालीं बोलतांना आपोआप आवाज खालीं येतो. हत्तींचा एक कळप आमच्या गाडीसमोरून रस्ता ओलांडून गेला. शेवटचें पिल्लूं दिसेनासें होईपर्यंत कोणी हललें नाहीं. सिंह दुसऱ्या दिवशीं दिसला, झोंपलेला. परंतु आम्हांस सांगावयाची आहे ती गोष्ट निराळी. दुपारीं दूर एका वारुळावर एक चित्त्याची मादी बसलेली दिसली, व गवतांत तिचीं पिल्लें हलत होतीं. आमच्या चालकानें गाडी बरीच अलीकडे थांबविली. चिरंजिवांनीं जवळ नेण्याविषयीं विनविलें. चालकानें हंसून मान हालविली. त्यानें सांगितलें, कीं गाड्यांचा गराडा पडला म्हणजे मादीची शिकार हुकते आणि पिल्लें उपाशीं राहतात. त्याचें बोलणें खरें आहे. ह्याच माराविषयीं २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें आढळलें, कीं पर्यटकांची वर्दळ थोडी असेल तेथें एका वेतांतील सरासरी दोनांहून अधिक पिल्लें मोठीं होतात. जेथें वर्दळ फार, तेथें सरासरी ०.२, म्हणजे पांच वेतांमागें एखादें.

चिरंजीव हिरमुसले. तेव्हां कन्या त्यांच्या कानांत म्हणाली, 'असें समज, कीं येथेंहि एक दोरी बांधलेली आहे. तेथें ती मोजून दिलेली असते. येथें आपली आपण धरावयाची.' चिरंजीव गप्प झाले, दुर्बीण डोळ्यांस लावली, आणि अर्ध्या तासानें ती मादी उठून पिल्लांसह गवतांत शिरली, तेव्हां तीं किती होतीं हें आम्हां सर्वांत त्यांसच बिनचूक सांगतां आलें. तीं तीन होतीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी पुढें त्या देशांस जातील, पुष्कळ जाणार नाहींत. परंतु निवडण्याचे प्रसंग सर्वांवर येतील. माळ श्रेष्ठ कीं अरण्य श्रेष्ठ, ह्या प्रश्नास उत्तर नाहीं. आपल्याबरोबर कोणास येतां येईल, कोणत्या ऋतूंत काय मिळेल व काय मिळणार नाहीं, आणि आपण तेथें गेल्यानें तेथील जिवांचें बरें होईल कीं वाईट, हे प्रश्न विचारले असतां उत्तर बहुधा सांपडतें. पालकांस एवढीच विनंति, कीं असा हिशेब मांडतांना मुलांस जवळ बसवावें; आपल्या वांट्याची गोष्ट सोडावयाची झाली तर तीं ती किती समजूतदारपणें सोडतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

कन्या हल्लीं दुसऱ्या शहरीं प्राणिशास्त्र शिकत आहे, व फावल्या वेळांत शिकवण्या घेऊन बँकेंत थोडे थोडे पैसे टाकीत आहे. चिरंजिवांस पंधरावें वर्ष पुरें होण्यास अजून अवकाश आहे. परवां तिचें पत्र आलें. त्यांत त्यांच्यासाठीं एकच ओळ होती: 'दोन परवान्यांचे जमवीत आहें.'